एका कंपनीला आग लागली की शेजारच्या कंपन्यांचे बंब का येतात? खर्च कोण देतं आणि तिथे हुकूम कोणाचा चालतो?

प्रश्नाखाली तुम्ही जी पुरवणी जोडली आहे ना, "व्हिडिओत सात-आठ बंब रस्त्यावर नुसते उभे दिसतात, फोटो काढायला आले होते का?", तिच्यासाठी हे उत्तर लिहितोय. नाहीतर प्रश्न सोडून पुढे गेलो असतो. कोकणातल्या एका एमआयडीसीत केमिकल कंपनीच्या फायर विभागात माझी सगळी नोकरी झाली आणि हेच वाक्य मी आमच्याच ऑफिसात, एसीत बसलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय.

उभ्या बंबांचं आधी सांगतो. साध्या बंबाची टाकी साधारण साडेचार हजार लिटरची. पंप पूर्ण जोरात चालवला तर ती दोन-अडीच मिनिटांत कोरडी होते. म्हणजे आगीच्या तोंडाशी एक बंब काम करत असेल तर त्याला पाणी पुरवणारा दुसरा लागतो, तो रिकामा झाला की तिसरा, आणि तोवर पहिला टँकर भरून परत यायचा असतो. शिवाय माणसं. बीए सेटचा, म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवर घेतात त्या हवेचा, सिलिंडर कागदावर पाऊण तासाचा असला तरी नळी ओढत, जिने चढत काम करणाऱ्याला तो अर्धा तासही पुरत नाही. आतला बाहेर आला की ताजा माणूस मास्क चढवून दारात तयार हवा. तुमच्या व्हिडिओत जे हात बांधून उभे दिसतात ना, ते बहुधा हेच. त्यांना काम मिळालं नाही, तर तो दिवस चांगला गेला म्हणायचं.

आता शेजारच्या कंपन्या का जातात, ते. कोणत्याच एका कंपनीला सगळं सामान ठेवणं परवडत नाही. कोणाकडे क्लोरीनची गळती बंद करायचं किट, कोणाकडे फोमचा बंब, कोणाकडे उंच शिडी. म्हणून पट्ट्यातल्या कंपन्या एकत्र येऊन ठरवतात की कोणाकडे काय आहे, कोणाला कुठला फोन करायचा आणि किती वेळात पोचायचं. रायगड-ठाण्याकडे अशा गटाला "मार्ग" म्हणतात, म्युच्युअल एड रिस्पॉन्स ग्रुप. भोपाळनंतर 1989 चे घातक रसायनांचे नियम आले, 1996 मध्ये रासायनिक अपघातांचे वेगळे नियम आले आणि जिल्ह्यात कलेक्टरांचा, खाली प्रांतांचा क्रायसिस ग्रुप झाला. हे सगळं फायलीत छान दिसतं. मॉक ड्रिलला सगळ्यांचे बंब वेळेवर येतात, चहा-समोसा होतो, ग्रुप फोटो निघतो. खरी वर्दी, म्हणजे आगीची खबर, येते तेव्हा काय होतं ते सांगतो.

एप्रिल-मेची दुपार. शेजारची कंपनी औषधांचा कच्चा माल करणारी. टँकरमधून मेथॅनॉल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल, उतरवताना नळी सुटली, माल डाइकमध्ये, म्हणजे टाकीभोवतीच्या बांधात, सांडला आणि पेटला. आम्हाला वर्दी त्यांच्या मॅनेजरकडून आलीच नाही. त्यांच्या एका सुपरवायझरने स्वतःच्या मोबाइलवरून आमच्या कंट्रोल रूमला फोन केला. शब्द जसेच्या तसे लक्षात आहेत: "साहेब, ऑफिशियल नाही, पण या." वरून सूचना होती की सायरन वाजवायचा नाही, बोभाटा झाला तर फॅक्टरी इन्स्पेक्टर येईल. आपल्या फोमवर भागेल असा त्यांचा हिशोब. पण त्यांच्याकडचा फोम साधा, डिझेल-पेट्रोलला चालणारा. मेथॅनॉल त्या फोममधलं पाणी शोषून घेतं आणि फेस पडतो तसा विरतो. कितीही मारा, खाली माल उघडाच. अल्कोहोलला चालणारा वेगळा फोम असतो, एआर फोम, साध्यापेक्षा चांगलाच महाग. तो त्या रस्त्यावर फक्त आमच्याकडे होता.

बंब तर लगेच सुटला. बंबावरचा फोम पुरणार नाही हे दिसतच होतं, म्हणून मी स्टोअरमधून जास्तीचे ड्रम पिकअपवर चढवून घेतले. गेटवर पिकअप अडवला. सिक्युरिटीचा हवालदार म्हणाला, "साहेब, बंब जाऊ दे, पण ड्रमला मटेरियल पास लागेल." त्याला मी आजही दोष देत नाही. मागे कंपनीतून सॉल्व्हंटचे ड्रम चोरीला गेले होते आणि तेव्हा बोलणी त्यानेच खाल्ली होती. बरं, पास दोन प्रकारचे. परत येणारा माल असेल तर रिटर्नेबल, त्याला खातेप्रमुखाची सही चालते. परत न येणारा असेल तर नॉन-रिटर्नेबल, त्याला कमर्शियल साहेबांची सही. फोम एकदा मारला की परत कुठून येणार! साहेबांना फोन लावला. म्हणाले, मीटिंगमध्ये आहे, आधी त्यांच्याकडून पर्चेस ऑर्डर मागवा.

मी रिटर्नेबल पास फाडला. परत येण्याची तारीख: सात दिवस. कारण: शेजारी वापरण्यासाठी. सही ठोकली आणि पिकअप सोडला.

तिथे पोचलो तर आग दिसेना. मेथॅनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही, धूरही नाही. डाइकच्या भिंतीचा रंग फुगून पापुद्रे सुटत होते आणि वरची हवा थरथरत होती, एवढंच. त्यांची माणसं विझली म्हणून मोकळी झाली होती आणि दोघं जण व्हॉल्व्ह बंद करायला चप्पल-बुटांवर आत निघालेही होते. आमच्या लीडिंग फायरमनने ओरडून त्यांना थांबवलं आणि बाजूला पडलेलं एक गोणपाट डाइकमध्ये भिरकावलं. ते खाली पडायच्या आत पेटलं. त्यानंतर कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

एआर फोम पाण्यात मिसळून मारतात; डिझेलवर तीन टक्क्यांनी चालतो, अल्कोहोलवर सहा टक्के लागतो. मिनिटाला 450 लिटरची ब्रांच, म्हणजे नळीच्या टोकाची तोटी, चालवली की 27 लिटर फोम जातो, म्हणजे 200 लिटरचा ड्रम सात-साडेसात मिनिटांत खलास. एक माणूस फक्त ड्रम बदलायला, पिकअप ट्यूब, म्हणजे फोम ओढून घेणारी नळी, या ड्रममधून काढून त्या ड्रममध्ये. त्यात हवा शिरली की ब्रांचमधून नुसतं पाणी येतं आणि अंथरलेला फोम फाटतो. मारतानाही थेट मालावर मारायचा नाही. समोरच्या भिंतीवर मारायचा आणि तिथून घसरत खाली पसरू द्यायचा. हे सगळं हळूबाई काम आहे आणि बघणाऱ्याला वाटतं, यांना जोर नाही का! त्यांचे मॅनेजर मागून "प्रेशर वाढवा, प्रेशर वाढवा" ओरडत होते. आमच्या ड्रायव्हरने, सगळे त्यांना मामा म्हणायचे, पंपावरून मान वळवून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. प्रेशर होतं तेवढंच ठेवलं.

आग विझली. माणसं सगळी धड. पुढची आग आमच्या ऑफिसात लागली.

कमर्शियल साहेबांचं म्हणणं, मी कंपनीचा माल वाटला. माझं म्हणणं, दुपारी खाडीवरून सुटणारा वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येतो आणि आमचं सॉल्व्हंट यार्ड त्याच भिंतीला लागून आहे. वाऱ्याला गेटपास लागत नाही. हे मी त्यांना तोंडावर बोललो आणि त्या वर्षीचं माझं इन्क्रिमेंट कसं झालं ते विचारू नका. शेजारच्या कंपनीने खूप पत्रापत्रीनंतर फोम परत केला, तोही साधा. आंबेमोहोर नेऊन रेशनचा तांदूळ परत करावा तसं. मी घेतला नाही. त्यामुळे तो पास उघडाच राहिला आणि दर ऑडिटला "रिटर्नेबल माल मुदतीत परत आलेला नाही" या यादीत माझ्या नावासमोर एआर फोम झळकत राहिला. ऑडिटर पोरगेलासा, दरवर्षी नवा. दरवर्षी विचारायचा, "सर, हा माल सध्या कुठे आहे?" मी सांगायचो, शेजारच्या डाइकमध्ये.

ते साहेब आता निवृत्त आहेत आणि या साइटवर गुंतवणुकीबद्दल उत्तरं लिहितात, मला माहीत आहे. वाचत असाल तर साहेब, माझं मत अजून तेच आहे. पर्चेस ऑर्डरची वाट पाहिली असती तर ड्रम वाचले असते. यार्डची खात्री मी दिली नसती.

हुकूम कोणाचा, हा तुमचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. ज्याचं घर, त्याचा अधिकारी मुख्य. पाहुण्या बंबाने आत शिरल्यावर आधी त्याच्याकडे जाऊन सांगायचं, काय आणलंय आणि माणसं किती. तो म्हणेल तिथे उभं राहायचं, मग नुसतं उभं राहायला लागलं तरी. सरकारी दल आलं, एमआयडीसीचं असो की पालिकेचं, की सूत्रं त्याच्या अधिकाऱ्याकडे आणि कंपनीचा माणूस त्याच्या शेजारी, कारण आत कुठल्या टाकीत काय आहे ते त्यालाच माहीत. त्या दिवशीही एमआयडीसीचा बंब आल्यावर असंच झालं, दोन वाक्यांत चार्ज दिला-घेतला.

हे ठरलेलं नसलं की काय होतं ते मुंबईने पाहिलंय. 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन जहाज. कापसाच्या गासड्या आणि सुमारे 1400 टन स्फोटकं एकाच जहाजावर. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. मधले दोन तास जहाज जागेवर बुडवायचं की बाहेर काढायचं यावर ठाम हुकूम देणारा कोणी निघाला नाही आणि फायरमन बिचारे पाणी मारत राहिले. त्यात 66 फायरमन गेले. अग्निशमन सेवा सप्ताह 14 एप्रिलला सुरू होतो तो त्यामुळे. आमच्याकडे त्या दिवशी झेंड्याची टाचणी लावून भाषणं व्हायची. भाषणात शौर्य असायचं, हुकूम कोणाचा हा विषय नसायचा.

नळ्या जुळतात का असंही कोणीतरी खाली विचारलंय. जुळतात, आपल्याकडे 63 मिलिमीटरची कपलिंग सगळीकडे चालते. 1904 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला मोठी आग लागली तेव्हा शेजारच्या शहरांतून बंब धावून आले आणि कपलिंग बसेनात म्हणून बरेचसे नुसते उभे राहिले. तुमच्या व्हिडिओतल्यापेक्षा ते उभं राहणं फार वेगळं.

तुम्ही स्वतः कंपनीत असाल तर दोन गोष्टी करून घ्या. गेटवर आगीच्या मदतीसाठी आधीच सही केलेला नॉन-रिटर्नेबल पास ठेवा, म्हणजे हवालदाराला धर्मसंकट नाही. आणि मदतीच्या करारात लिहून घ्या की वापरलेला फोम त्याच जातीचा, तेवढाच, अमुक दिवसांत परत. "सहकार्याच्या भावनेने" असलं काही लिहू नका, भावना ऑडिटमध्ये दाखवता येत नाही. आणि वर्दी लवकर द्या. पाहुणे बंब आले आणि रिकाम्या हाताने परत गेले तर कोणाचं काही बिघडत नाही, डिझेल जळतं तेवढंच. दहा मिनिटं लपवलेली आग मात्र सगळ्या रस्त्याची होते.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं कंपन्यांच्या आपापसातल्या मदतीचं आहे, आणि सगळे कमर्शियलवाले असे नसतात. आमच्याकडे नंतर आलेल्या मॅडमनी तो पास एका सहीत बंद केला. खर्चाचं म्हणाल तर कंपन्यांमध्ये माणसं आणि डिझेल ज्याचं त्याचं, फोम-पावडर ज्याच्याकडे आग त्याने भरून द्यायची, हा रिवाज. पालिकेचा बंब हद्दीबाहेर गेला तर पालिका शुल्क लावू शकते आणि दर जागोजाग वेगळे असतात. त्याबद्दल पालिकेच्या दलातल्या कोणीतरी लिहावं, मी तिथे नोकरी केलेली नाही.