यझदाला देवदूत म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : पारशी धर्मावरच्या मजकुराचा अनुवाद करताना 'यझद'साठी (म्हणजे त्या धर्मातल्या पूजनीय दिव्य शक्तीसाठी) 'देवदूत' लिहिलं तर चालेल का?

मी तरी लिहिणार नाही. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथांत, 'दएव' म्हणजे अहुर मझ्दाच्या (त्यांच्या परमेश्वराच्या) विरोधातली दुष्ट शक्ती. अवेस्तातल्याच 'वेंदिदाद' या ग्रंथाच्या नावाचा अर्थच 'दएवांविरुद्धचा कायदा'. हा दएव आपल्या 'देव'चा सख्खा भाऊ, फक्त तिकडे तो वाईट निघाला! तेव्हा सरोश नावाच्या यझदाला देवदूत म्हणणं म्हणजे त्याला शत्रूच्या चाकरीला लावणं.

'यझद' हा अवेस्तातला 'यजत', म्हणजे यजन करण्याजोगा. यज्ञ आणि यजमान यांतलाच 'यज्' धातू. पारशी मंडळी बोलताना 'फरेस्ता'ही म्हणतात. त्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ 'पाठवलेला', म्हणजे आपल्या 'प्रेषित'चा नातेवाईक. पण मेहेर किंवा बेहराम हे यझद नुसते निरोप पोचवत नाहीत. त्यांना स्वतःचं स्तोत्र आहे, महिन्यात स्वतःचा दिवस आहे : मेहेरचा १६ वा, सरोशचा १७ वा, बेहरामचा २० वा.

बेहरामची तर कमालच. वेंदिदादात इंद्राची गणना दएवांत, पण त्याच्या 'वृत्रघ्न' या बिरुदाचा इराणी जुळा 'वेरेथ्रघ्न' मात्र यझद, आणि त्याचाच पुढे झाला बेहराम. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला 'आतश बेहराम' (सर्वोच्च दर्जाची अग्यारी) आहे, त्या नावातला बेहराम हाच.

त्याच मजकुरात 'बहिश्त' (स्वर्ग) हाही शब्द असणार. मृत्यूनंतर चौथ्या दिवशी पहाटे आत्मा चिन्वत पुलाशी येतो. तिथे मेहेर, सरोश आणि रश्न हे तीन यझद निवाडा करतात, रश्नच्या हाती तराजू. सज्जनासाठी पूल रुंद होतो, दुर्जनासाठी पात्याच्या धारेएवढा. पलीकडे बहिश्त. मूळ शब्द 'वहिश्त', म्हणजे सर्वोत्तम, म्हणजेच आपला 'वसिष्ठ'! तिकडे 'स'चा 'ह' होतो. असुरचा अहुर, सप्तचा हफ्त (बँकेचा हप्ता त्यातूनच आला). 'अर्दीबेहेश्त' या पारशी महिन्याच्या नावातही हाच वहिश्त आहे.

बहिश्तला 'स्वर्ग' आणि दोजखला 'नरक' खुशाल लिहा. यझद मात्र यझदच ठेवा, आणि 'दएव'चं 'देव' करू नका, नाहीतर 'नरकात देव छळतात' असं वाक्य छापून येईल आणि ते चूकही नसेल.