आल्फा क्लस्टरिंगला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: अणुकेंद्रकांच्या टकरींवरच्या लेखाचा अनुवाद करताना 'आल्फा क्लस्टरिंग'साठी 'आल्फा समूहीकरण' चालेल का?

मला नाही पटत. '-करण' लागलं की करणारा आला: राष्ट्रीयीकरण, नूतनीकरण. इथे कुणी काही करत नाही, केंद्रकातले कण आपसूक गटाने एकत्र येतात. त्यासाठी आपल्याकडे बाष्पीभवनातलं '-भवन' आहे. तेव्हा संस्कृत संज्ञाच हवी असेल तर 'गुच्छीभवन' म्हणा.

पण खरी अडचण पुढेच आहे. 'आल्फांचा गुच्छ' म्हटलं की पुष्कळ आल्फा एकत्र आल्याचं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकत्र येतात, आणि तो गुच्छ म्हणजेच आल्फा, हेलियमचं केंद्रक. त्याची बंधनऊर्जा, म्हणजे तो पुरता फोडायला लागणारी ऊर्जा, सुमारे २८.३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट), म्हणून तो सहजी फुटत नाही. कार्बन-१२ च्या ७.६५ एमईव्हीच्या उत्तेजित (जादा ऊर्जेच्या) अवस्थेत असे तीन आल्फा वेगळे जाणवतात. ही अवस्था असलीच पाहिजे, नाहीतर ताऱ्यांत एवढा कार्बन तयार झाला नसता, असं खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी १९५३ साली आधीच सांगितलं होतं.

माझं मत 'चौकडी'ला. संख्या शब्दातच आली, शिवाय चौकडी 'जमते' आणि मोडतेही. तेच हवंय, कारण हे आल्फा केंद्रकात कायमचे बांधलेले नसतात. निम्नतम (सर्वांत कमी ऊर्जेच्या) अवस्थेत प्रोटॉन-न्यूट्रॉन बऱ्याच अंशी केंद्रकभर वावरतात. केंद्रक आल्फांमध्ये फुटण्याइतक्या ऊर्जेच्या आसपास चौकड्या ठळक होतात. (चांडाळ चौकडी आठवून कुणी हसेल. हसू दे.)

वापरून पाहा: 'जुलै २०२५ मध्ये सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण आदळवणाऱ्या यंत्रात ऑक्सिजन-ऑक्सिजन आणि निऑन-निऑन टकरी घडवल्या. निऑन-२० मध्ये ऑक्सिजन-१६ सारख्या गाभ्याला एक आल्फा चौकडी लगटलेली असेल, तर केंद्रक लांबट होतं. टक्कर इतक्या कमी वेळात उरकते की त्या क्षणीचा आकार तसाच पकडला जातो, आणि बाहेर पडणारे कण सगळीकडे सारखे न विखुरता काही दिशांना जास्त जातात.' कुठे अडखळायला होतं का?

जाता जाता, 'टक्करीत' नव्हे, 'टकरीत'. आणि बातम्यांत 'अणूंची टक्कर' लिहितात ते टाळा. कोलायडरमध्ये इलेक्ट्रॉन आधीच काढून टाकलेले असतात, आदळतात ती नुसती केंद्रकं.