जुनी जोडी की नवा संच? दापोलीच्या बागायतदारांना उत्तर

सप्रेम नमस्कार. घरी चित्रपट पाहण्याची सोय करण्यासाठी सत्तरच्या दशकातील परदेशी स्पीकरची जोडी ७०,००० रुपयांना घ्यावी, की रिसीव्हर (आवाज वाढवून सर्व स्पीकरना वाटून देणारे यंत्र), पाच स्पीकर आणि सबवूफर (खर्जाच्या आवाजाचा स्पीकर) असा नवा संच १,२०,००० रुपयांना घ्यावा, असे आपण विचारले आहे. जुनी जोडी ‘गुंतवणूक’ ठरेल, असाही आपला कयास आहे. माझे मत नव्या संचाच्या बाजूने आहे.

पन्नास हजारांचा फरक दिसतो तेवढा नाही. जुन्या जोडीसाठी रिसीव्हर वेगळा घ्यावा लागेल. त्याचे ३५,००० धरले, तर हाती १५,००० उरतात आणि त्यांत मधला स्पीकर, मागचे दोन आणि सबवूफर बसत नाहीत. ५.१ ध्वनीमध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा रचनेत, बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. चित्रपटगृहांत असा ५.१ ध्वनी देणारे डॉल्बी डिजिटल तंत्र १९९२ मध्ये आले. त्याच्या कितीतरी आधी, केवळ संगीत ऐकण्यासाठी घडवलेल्या जोडीशी आवाजाचा पोत जुळणारा मधला स्पीकर मिळणे फार अवघड असते. मधल्या स्पीकरवाचून चालवता येते, कारण रिसीव्हर संवाद डावी-उजवीकडे वाटून देतो. मात्र ते पडद्यावरून आल्यासारखे फक्त मधोमध बसलेल्यालाच वाटतात, आणि आपल्या घरी तर सहा माणसे एकत्र बसणार आहेत.

खरी चिंता हवेची आहे. त्या काळच्या अनेक स्पीकरमध्ये थरथरून आवाज काढणाऱ्या शंकूची कड फोमची असते, आणि दमट हवेत हा फोम चिकट होऊन त्याचा भुगा पडतो. आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे सुटे भाग) वयोमानाने बिघडतात, खाऱ्या वाऱ्याने जोडणीची टोके गंजतात, आणि दुरुस्तीसाठी जड पेट्या मुंबई-पुण्याला न्यायच्या झाल्या तर वाहतुकीचा खर्च पुन्हा आपलाच. नव्या संचाची किंमत विकत घेताच उतरते हे खरे. पण ज्या वस्तूवर व्याज मिळत नाही आणि जी दर पावसाळ्यात जपावी लागते, तिला मी गुंतवणूक म्हणणार नाही.

पैसा कोठून येणार, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपण मुदत ठेव मोडण्याचा विचार लिहिला आहे, तो कृपया सोडून द्यावा. आंब्याचे उत्पन्न वर्षातून एकदाच येते, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडच्या बागांचे काय झाले, हे आपण जवळून पाहिले असेल. घरखर्च, फवारणी आणि मजुरी यांची वर्षभराची तरतूद बाजूला ठेवूनच ही खरेदी व्हावी. ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही बहुधा प्रक्रिया शुल्क असते, आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांतील व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो.

म्हणून या हंगामाच्या शिलकीतून एकाच मालिकेतील पुढचे तीन स्पीकर (डावा, मधला, उजवा) आणि रिसीव्हर घ्यावेत. सबवूफर आणि मागचे दोन पुढच्या मे महिन्यानंतर. पेट्या ओलसर भिंतीपासून दूर ठेवाव्यात आणि विजेच्या चढउतारापासून संरक्षण देणारे उपकरण पहिल्याच दिवशी बसवावे. गाण्यांसाठी जुन्या जोडीवर मन जडलेच असेल, तर रबरी किंवा कापडी कडेची जोडी शोधावी, स्वतः तासभर ऐकावी आणि दुरुस्तीचा अंदाज किमतीतून वजा करूनच बोली लावावी.