हिपॅटायटिस बी असताना भुईआवळा, गुळवेल घेऊन यकृताचा कर्करोग टाळता येतो का?

वडिलांना दीर्घकालीन हिपॅटायटिस बी असताना गावातील वैदूच्या भुईआवळ्यावर भिस्त ठेवावी का, असे आपण विचारले आहे. ती मुळीच ठेवू नये. विदर्भातील खेड्यांत कावीळ उतरवणाऱ्यांवर विश्वास बसतो, कारण दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ईची कावीळ बहुतेकांची आपोआप ओसरते आणि श्रेय मात्र औषधी मुळीला मिळते. बी आणि सी हे विषाणू वर्षानुवर्षे लक्षणांविना यकृतात राहून सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते कठीण होणे) आणि कर्करोगाकडे नेऊ शकतात. भुईआवळ्याबाबत १९८८ मध्ये आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते, परंतु नंतरच्या चाचण्यांत ते टिकले नाहीत. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी तर मुंबईतही आहेत.

घरच्या घरी करण्यासारखे खरे उपाय वेगळेच आहेत. दारू, मोहाचीसुद्धा, पूर्णपणे बंद करावी. बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका खाऊ नयेत, कारण त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष हिपॅटायटिस बीच्या रुग्णाचा यकृताच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढवते आणि भाजल्याने किंवा शिजवल्याने ते पुरते नष्ट होत नाही. पावसात भिजलेल्या शेंगा विकल्या जात नाहीत म्हणून घरात खाल्ल्या जातात, याची मला फार काळजी वाटते.

२०१८ पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. टेनोफोव्हिर हे औषध बी विषाणूला दाबून ठेवते, मात्र डॉक्टरांना न विचारता ते थांबवू नये. सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी लागेल का, हेही विचारावे. घरातील सर्वांची रक्ततपासणी करून, ज्यांना संसर्ग नाही त्यांनी लस घ्यावी.