कोड बदलण्याआधी कॅमेरा सरकवा: फेज रिट्रीव्हलबद्दल

तुमची अडचण थोडक्यात अशी: फॉइलमध्ये कोरलेल्या 'ब'मधून हेलियम-निऑन लेसर सोडला, लेन्सच्या फोकल प्लेनमध्ये कॅमेरा लावला, एक फोटो घेतला. कॅमेऱ्याला फक्त प्रकाशाची तीव्रता कळते; लहर आपल्या चक्रात कुठे आहे ते, म्हणजे फेज, हरवतं. ती हुडकून मूळ आकृती परत काढणं म्हणजे फेज रिट्रीव्हल. ते करणारा तुमचा कोड कधी सरळ 'ब' देतो, कधी उलटा, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकमेकांवर चढलेले. तर अल्गोरिदम बदलू का?

नका बदलू.

उलटा 'ब' ही चूक नाहीच. आकृती १८० अंशांत फिरवली तरी तिच्या फूरिये रूपांतराचा (लेन्स फोकल प्लेनमध्ये जे घडवते त्याचा) आयाम, म्हणजे लहरींची उंची, तोच राहतो, मग कॅमेऱ्याला फरक कळणार कसा? चित्र बाजूला सरकलं तरी तेच. हे दोन्ही निमूट मान्य करायचं.

खरं दुखणं हे जुळे, सरळ आणि उलटा 'ब', एकत्र बसतात ते. तुमचा सपोर्ट (आकृती ज्या जागेतच असणार असं कोडला सांगतो ती जागा) चौकोनी, म्हणजे सममित. त्यात सरळ आणि उलटा दोघेही सारखेच मावतात आणि कोड मध्येच लोंबकळतो. फीनअप आणि वॅकरमन यांनी १९८६मध्ये यावर साधी युक्ती सुचवली होती: थोड्या फेऱ्या सपोर्ट मुद्दाम छोटा आणि असममित ठेवा (मी त्रिकोण वापरतो), मग पूर्ण सपोर्टवर या. हायब्रिड इनपुट-आउटपुट (फेज शोधायचा नेहमीचा अल्गोरिदम), बीटा (त्यातला सुधारणेचा गुणक) ०.९, चाळीसेक फेऱ्या आणि शेवटी एरर रिडक्शन या साध्या पद्धतीच्या दहा, एवढ्यावर माझं बहुतेक वेळा भागतं.

पण त्याआधी फोटो तपासा. मी सुरुवातीला दोन आठवडे कोडला शिव्या घातल्या. चूक माझीच होती: कॅमेरा तीव्रता मोजतो आणि मी वर्गमूळ न घेता तीच आयाम म्हणून भरली होती. तेही सुधारलं, तर मधला ठिपका सॅच्युरेट झालेला, म्हणजे कॅमेऱ्याच्या मर्यादेपलीकडे उजळ, निघाला. दोन-तीन एक्स्पोजर घेऊन जोडा, लेसर झाकून घेतलेली डार्क फ्रेम वजा करा. आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल एवढा बारीक हवा की उलट रूपांतराच्या चौकटीत 'ब' प्रत्येक दिशेने निम्म्याहून कमी जागेत बसेल.

अँटेनावाल्या मित्राने विचारलंय की निअर-फील्डमध्ये, म्हणजे अँटेनाच्या जवळ मोजताना, फेज न मोजता चालेल का. मोह कळतो. २८ गिगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम १०.७ मिमी, प्रोबमागची (मोजणाऱ्या छोट्या अँटेनामागची) केबल वाकून मार्गात १ मिमीचा फरक पडला की फेज सुमारे ३४ अंशांनी चुकते. पण एकाच प्लेनच्या आयामावर विसंबू नका, अँटेनापासून वेगवेगळ्या अंतरांवरची दोन प्लेन मोजा. त्यांच्यात काही तरंगलांब्यांचं अंतर ठेवा. दोन्ही नकाशे सारखेच दिसले तर दुसरं मोजमाप फुकट गेलं.

हबल अवकाश दुर्बिणीचं निदानही असंच झालं. १९९०मध्ये चित्रं धूसर आली तेव्हा दुय्यम आरसा पुढे-मागे करून ताऱ्यांचे मुद्दाम फोकसबाहेरचे फोटो घेतले आणि त्यांतून फेज काढली. मुख्य आरशाचा कोनिक स्थिरांक (त्याच्या वक्रतेचा आकार सांगणारा आकडा) −१.००२३ हवा होता, तो −१.०१३९च्या आसपास निघाला. फोकसमधला एकच ठिपका घेऊन बसले असते तर अवघड होतं.

तेव्हा कॅमेरा मागे सरकवा, पॅटर्न डोळ्यांनाच वेगळा दिसेपर्यंत, आणि दुसरा फोटो घ्या. अंतर मायक्रोमीटरवर वाचून वहीत लिहा, ते कोडला लागणार आहे. मग दोन्ही फाइली इथे टाका. कच्च्या टाका, जेपीईजी नको.