खारे पाणी, पांढरे डाग आणि बफिंग

प्रश्न : आमची गडद निळ्या रंगाची गाडी सहा वर्षांची आहे. आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात असल्यामुळे ती बोअरच्या पाण्यानेच धुतली जाते. बॉनेटवर पांढरे डाग पडले असून उन्हात गोल ओरखड्यांचे जाळे दिसते. तालुक्याचे कारागीर दर दिवाळीला बफिंग करून घ्या म्हणतात. वडील डिझेलचा बोळा फिरवतात. योग्य काय?

उत्तर : दर दिवाळीला बफिंग मुळीच करून घेऊ नये. बफिंगने रंगावर चमक चढत नाही, तर रंग घासून सपाट केला जातो आणि सपाट झालेला पृष्ठभाग चमकतो. आपल्या गाडीच्या निळ्या रंगावर पारदर्शक लाखेचा, म्हणजे क्लिअर कोटचा, जो थर असतो तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो आणि रबिंग कम्पाउंडचा, म्हणजे घासण्याच्या खरखरीत लेपाचा, प्रत्येक हात त्यातूनच थोडा भाग कायमचा काढून नेतो. ऊन झेलण्याचे काम हाच थर करतो; आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तो संपला, की रंग फिका पडून पापुद्रे सुटू लागतात आणि मग पुन्हा रंगकाम करण्यावाचून उपाय राहत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीच्या बॉनेटची कड एका कारागिराने जोरात फिरणारे यंत्र क्षणभर जास्त टेकवल्यामुळे उघडी पडली आणि आतला राखाडी प्रायमर बोटभर लांब दिसू लागला. म्हणून कडांवर व उठावाच्या रेषांवर आधी कागदी चिकटपट्टी लावायला सांगावे, हे मी आवर्जून लिहितो.

आपला खरा प्रश्न पाण्याचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील भूजलात विरघळलेले क्षार बरेच असतात. थेंब तापलेल्या पत्र्यावर वाळला, की पाणी उडून जाते आणि क्षार तेवढे गोल कडे करून मागे उरतात. म्हणून गाडी सकाळी ऊन चढण्यापूर्वी, पत्रा हाताला थंड लागत असताना सावलीत धुवावी, एकेक भाग धुऊन लगेच कोरडा पुसावा आणि शेवटच्या खळबळीसाठी तरी नळयोजनेचे गोडे पाणी किंवा पावसाळ्यात छपराच्या पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी वापरावे. त्यासाठी दोन बादल्या पुरतात. पडलेल्या डागांवर पांढरे व्हिनेगर आणि तितकेच गोडे पाणी यांत भिजवलेले मऊ कापड मिनिटभर ठेवून लगेच भरपूर पाण्याने धुवावे. बरेचसे डाग एवढ्याने विरघळतात. जे राहतात त्यांनी लाखेत खड्डा केलेला असतो आणि पॉलिशची गरज तेवढ्याच जागी असते.

गोल ओरखडे बहुतेक कोरड्या पुसण्याने पडतात. शेतरस्त्याच्या फुफाट्यात मुरमाचे बारीक कण असतात आणि गाडीवरची धूळ खांद्यावरच्या दुपट्ट्याने झटकली, की तेच कण पॉलिश पेपरसारखे फिरतात. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग गाडीच्या शाम्पूत बुडवलेले मायक्रोफायबरचे कापड सरळ रेषेत फिरवावे व ते दुसऱ्या बादलीत पुन्हा पुन्हा खळबळून घ्यावे. कपड्यांची पावडर वापरू नये, कारण तिच्यातील सोड्याने रंगावर लावलेले संरक्षक मेण, म्हणजे वॅक्स, निघून जाते.

वडिलांच्या डिझेलबद्दल आदराने सांगतो, की त्याने दिसणारी चमक तेलाच्या पातळ थराची असते. संध्याकाळपर्यंत त्यावर दुप्पट धूळ चिकटते आणि काचेभोवतीचे रबर फुगून खराब होते.

बफिंग एकदाच, डाग व ओरखडे फारच खटकत असतील तर करावे. ओरखड्यावरून नख आडवे फिरवून पाहावे. नख अडकले तर तो बफिंगने निघण्याइतका उथळ नाही. कारागिराला आधी डिकीच्या एका कोपऱ्यात वीतभर जागेवर, सर्वांत सौम्य पॉलिशने काम करून दाखवायला सांगावे आणि तेवढ्याने भागत असेल तर कम्पाउंडला हात लावू देऊ नये. त्यानंतर वॅक्सचा पातळ हात द्यावा व तो दर तीन महिन्यांनी, उन्हाळ्यात शक्य तर त्याआधीच, पुन्हा द्यावा. गाडी निंबाखाली उभी राहत असेल तर पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून उचलावी. ती वाळल्यावर खरवडल्यास डाग तर राहतोच, शिवाय ओरखडाही पडतो.