मिसरूड फुटलं आणि फोन थांबले

ताई, नमस्कार.

आठव्या वर्षापासून चार वर्षं मालिकेत गाजलेला तुमचा मुलगा आता तेराचा झालाय. आवाज फुटलाय, उंची वाढलीय, आणि वर्षभरात एकाही ऑडिशनचा निरोप नाही. तुम्ही विचारता, शाळा सोडवून सतरा नंबरच्या फॉर्मवर, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसवून, दहावी करून घ्यावी आणि पूर्ण वेळ कामाच्या मागे लागावं का?

नको. त्याचा अभिनय काही बिघडलेला नाही. छोट्याच्या भूमिकेला तो मोठा दिसतो आणि नायक व्हायला लहान आहे, इतकंच. हा मधला काळ प्रत्येक बालकलाकाराला गाठतो. खरा प्रश्न, त्या काळात तो काय शिकतो हा.

कमल हासन यांना 1960 मध्ये पहिल्याच चित्रपटासाठी राष्ट्रपती पदक मिळालं. पुढे पोरवय सरलं तेव्हा ते नाटक कंपनीत गेले, मग नृत्यदिग्दर्शकाचे सहायक झाले. पडद्यावर नाव नसताना दुसऱ्यांना स्टेप शिकवत होते! नट, लेखक, दिग्दर्शक, गायक हे सगळं त्यानंतरचं. (शाळा त्यांनीही सोडली होती, तेवढं मात्र उचलू नका.) आपले सचिन पिळगांवकर 1963 च्या ‘हा माझा मार्ग एकला’मधले बालकलाकार, 1988 मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’ त्यांनीच दिग्दर्शित केला आणि त्यात कामही केलं.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. शॉट नसला की तो संकलकाच्या खोलीत जाऊन बसायचा, असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला तीच सगळ्यात मोलाची वाटली. त्याला मोबाइलवर दोन मिनिटांच्या फिल्म कापू-जोडू द्या. बालनाट्यात, शाळेच्या एकांकिकेत पाठवा, आणि तिथे प्रमुख भूमिकेचा हट्ट धरू नका. प्रकाशयोजना, प्रॉम्प्टिंग, काहीही चालेल. दहावीनंतर शाखा कुठलीही असो, कॉलेज मात्र नाटकाचा ग्रुप असलेलं बघा. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमींत मुलं जे शिकतात ते कुठल्या महागड्या अभिनय-वर्गात मिळेल असं मला वाटत नाही. एफटीआयआयमध्ये, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, संकलन असो वा अभिनय, पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पदवी लागतेच. म्हणूनही शाळा हवी.

त्याच्या बाबांचा सायन्सचा आग्रह दोन वर्षं बाजूला ठेवा. आठवीतल्या मुलाशी त्यावरून वाद कशाला?

आता पैशाचं. 2017 पासूनच्या नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतली किमान 20 टक्के रक्कम त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवी. पत्रात याचा उल्लेखच नाही. पावत्या शोधा, नसतील तर निर्मात्याला लेखी विचारा. ती रक्कम त्याला सज्ञान झाल्यावर मिळायची आहे, घराच्या हप्त्यात धरू नका.

आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. त्या संकलकाच्या खोलीत त्यानं काय पाहिलं, ते मला त्याच्याकडून ऐकायचंय.